घाट कोणत्या अंगाला

कारखानीस सर वर गेले आणि सहा-सात मिनिटांत परत खाली आले.

नवव्या दिवशीही तेच. मी पिंजऱ्याच्या दारापाशी उभी होते. अंगात पायघोळ पांढरा झगा, तोंडावर जाळीचा बुरखा, उजव्या हातात क्रौंचाचं लाकडी डोकं. माझ्यामागे सात पिल्लं पंख झटकत होती. पिल्लं आपली म्हणायची, उंचीला ती माझ्या छातीला लागत होती. इंजिनाचा आवाज कानावर पडला की त्यांना राहवत नसे. ती माना उंच करून दाराकडे सरकत, एकमेकांना ढकलत, बारीक शीळ घालत. दार उघडायचं की नाही, हे सरांच्या हातावर होतं. हात वर गेला तर उघडायचं, आडवा हलला तर नाही.

हात आडवा हलला.

पिंजऱ्यापाशी बोलायला बंदी होती. पिल्लांच्या कानावर माणसाचा आवाज पडायचा नाही, त्यांनी माणसाचं तोंड बघायचं नाही, असा नियमच होता. म्हणून मी मुकाट्याने त्यांना आतल्या बाजूला वळवलं, डोक्याच्या चोचीने दाणे दाखवले, आणि नाला ओलांडून शेताच्या बांधापलीकडे गेल्यावरच बुरखा काढला. सर तिथे आधीच येऊन बसले होते. पन्नाशी उलटलेला, उंच, काटक माणूस. विमानदलातून निवृत्त झालेला. हातातले मोजे काढून पुन्हा घालत होते.

"काय झालं सर?"

"वर वारा आहे."

"किती?"

"आहे," ते म्हणाले. "समोरून आहे. पिल्लं दमतील."

मी मान वळवून पाहिलं. थोड्या अंतरावर, ज्यांच्या शेतात आम्ही उतरलो होतो त्या इंदुबाई बऱ्हाट्यांचं घर होतं. त्यांच्या चुलीचा धूर काठीसारखा सरळ वर चढत होता. बऱ्याच उंचीवर गेल्यावरही तो कुठे झुकला नाही. मी तो पाहिला, सरांनीही पाहिला. 

हे सगळं शहाण्णव सालच्या डिसेंबरातलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. परभणीहून पशुवैद्यकीची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते, आणि पुण्याच्या एका संस्थेच्या प्रयोगात मला नोकरी लागली होती. प्रयोग असा, की पांढरे क्रौंच हिवाळ्यात आपल्याकडे यायचे, ते यायचे बंद झाले होते. जगातच थोडे उरले होते. स्थलांतराचा रस्ता पिल्लांना आईबापांमागून उडूनच कळतो, आणि आईबापच नाहीत म्हटल्यावर रस्ता दाखवणार कोण? तेव्हा परदेशातून अंडी आणायची, माळव्यातल्या एका तलावाकाठी ती उबवायची आणि पिल्लांना एका छोट्या उघड्या विमानामागे उडायला शिकवायचं. दोन माणसांचं विमान ते, वर कापडाचा पंख, मागे इंजिन. हिवाळा लागला की नर्मदा, सातपुडा, तापी, अजिंठ्याचे डोंगर असं करत त्यांना गोदावरीवरच्या धरणामागे, पाणफुगवट्यावर आणून सोडायचं. एकदा रस्ता कळला की वसंतात पिल्लं आपली आपण परत जातात. रस्ता मात्र उडूनच कळायला हवा. जेवढा भाग पेटीत घालून गाडीने नेला, तेवढा भाग त्यांच्यापुरता कोराच राहतो.

अंड्यांच्या आतल्या पिल्लांना इंजिनाचा आवाज सरांनी ऐकवला होता. पहिलं पिल्लू चालायला लागलं ते त्यांच्या विमानाच्या चाकामागे. आमचा दुसरा वैमानिक ऑक्टोबरात कावीळ होऊन घरी गेला, तेव्हापासून सगळी भिस्त सरांवरच होती.

आणि आम्ही हिंगणदऱ्याला अडकून पडलो होतो. तापी ओलांडून खानदेशातून खाली आलं की अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. केळीच्या बागा, कपाशी, आणि दक्षिणेला घाट. इंदुबाईंनी वेचणी झालेल्या कपाशीचं एक शेत पऱ्हाट्या उपटून आम्हाला उतरायला मोकळं करून दिलं होतं. पहिले चार दिवस खरोखरच हवा वाईट होती. समुद्रात कुठेतरी वादळ उठलेलं, इकडे अवकाळी पाऊस, मग दोन दिवस दाट धुई. ते कोणालाच चुकलं नसतं. पण पाचव्या दिवसापासून सकाळ मोकळी होऊ लागली. लांबवर जरा धुरकट दिसायचं, एवढंच. आणि तरी सर रोज उजाडता एकटे वर जायचे, गावावरून दोन-तीन घिरट्या घालायचे आणि खाली येऊन हात आडवा हलवायचे.

उडण्याची सरकारी परवानगी पंधरा तारखेपर्यंतच होती. त्या दिवशी दहा उजाडली होती.

* * *

दुपारी इंदुबाईंनी भरीत केलं. साठीच्या, ठेंगण्या, सतत काहीतरी करत असणाऱ्या बाई. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, शेत एकट्याच बघायच्या. पाटावरवंट्यावर मिरच्या वाटता वाटता त्यांनी मला हळूच विचारलं, "भाऊचं कायी बिनसलंय का वं?"

"का हो?"

"आज बी नही गेले. हवा तर चांगली होती."

"वर वारा आहे म्हणतात."

"असंन माय. वरलं आपल्याले काय कळतं." त्यांनी वरवंटा थांबवला. "पन काल मले इचारलं, घाट कोन्या अंगाले आहे. मी बोट दाखवलं. सांजच्याला पुन्हा इचारलं. आज सकाळी तिसऱ्यानं. मी म्हनलं, भाऊ, घाट काय रोज जागा बदलतो का?"

"मग काय म्हणाले?"

"हसले. पन त्यांचं हसू मले बरं नही वाटलं."

मला वाटलं, थट्टा करत असतील. सर तसे थट्टेखोर होते. पिल्लांना त्यांनी नावं ठेवली नव्हती, कारण ते नियमात बसत नव्हतं, पण प्रत्येकीची नक्कल मात्र अशी करायचे की आम्ही हसून लोळायचो. हिंगणदऱ्यात आल्यापासून त्यांनी एकही नक्कल केली नव्हती.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. विमानाचा पंख उतरवून त्याच्या दोऱ्या तपासत बसले होते. एकच दोरी पुन्हा पुन्हा.

"सर, एक विचारू?"

"पाच नंबरचा डावा पाय कसा आहे?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

"चांगला आहे. सूज उतरली."

"अजून दोन दिवस थांबलो तर बरंच होईल ना तिला?"

"उडायला पाय लागत नाही, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावतील असं मला वाटलं. रागावले नाहीत. "खरंय," म्हणाले आणि पुन्हा दोरीकडे वळले.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझं डोकं भणभणून गेलं. वारा नव्हता. पाय बरा होता. पिल्लं उडायला इतकी आतुर झाली होती की पिंजऱ्यात घिरट्या घालून तारेला पंख घासून घेत होती. मग हा माणूस जात का नाही? घाबरला असेल का? आदल्या आठवड्यात तापीवरून येताना काही घडलं होतं का? मी तेव्हा जीपमध्ये खाली होते. विमान ठरल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा उतरलं होतं, आणि उतरल्यावर सर बराच वेळ जागचे उठले नव्हते. पण सातही पिल्लं सोबत होती, तेव्हा त्याचं कोणी काही मनावर घेतलं नव्हतं.

* * *

गावात एकच फोन होता. किराणा दुकानात, काचेच्या खोक्यात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अकरा तारखेला सकाळीही हात आडवाच हलला. बुधवार होता. दहा वाजता दुकानदाराने निरोप पाठवला की पुण्याहून बाईंचा फोन येणार आहे.

डॉक्टर नलिनी खांबेटे प्रयोगाच्या प्रमुख. हा प्रयोग उभा करण्यात त्यांची सात वर्षं गेली होती.

"वैजयंती, मला नीट सांग," त्या म्हणाल्या. "माझ्यापुढे हवामानाचे आकडे आहेत. हजार मीटरवर सुद्धा वारा नाही. असलाच तर उत्तरेचा, पाठीमागून. तिथे खरंच वारा आहे का?"

काचेपलीकडे दुकानदार साखर बांधत होता.

"मॅडम, खाली तरी नाही."

"मग कारखानीस निघत का नाहीत?"

"मला कळत नाही."

"तू त्यांच्यासोबत रोज असतेस. तुला काय वाटतं?"

मी फोनची तार बोटाला गुंडाळत होते.

"घाबरलेत का? वैजयंती, लाजू नकोस. सात पिल्लांचा प्रश्न आहे."

"हो. बहुतेक घाबरलेत," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला, आणि आता तो परत घेता येणार नाही हे मला तत्क्षणी कळलं.  मग मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. पेट्या घेऊन ट्रक उद्या पुण्याहून निघेल. शुक्रवारी सकाळी पिल्लं भरा आणि घाट ओलांडून रस्त्याने न्या. निदान जिवंत तरी पोचतील. कारखानीसांशी मी नंतर बोलेन. तोवर तू काही बोलू नकोस."

मी परत आले तेव्हा सर इंदुबाईंच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. "काय म्हणतात मॅडम?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पिल्लांची चौकशी."

त्यांनी मान हलवली आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

* * *

गुरुवारी पहाटे त्यांनीच मला उठवलं. झुंजूमुंजू झालं होतं. हातात माझा झगा आणि एक हेल्मेट.

"आज तू मागे बसायचं."

"मी? कुठे?"

"विमानात. झग्यासकट. दार रमजानभाई उघडतील, त्यांना सांगितलंय."

रमजानभाई आमचे जीपचालक. ते लांब उभे राहून बुरखा बांधायची खटपट करत होते.

"सर, मी कधी उडाले नाहीये. आणि का?"

"वजन लागतंय," ते म्हणाले. "मागे वजन असलं की घाटावर विमान नीट चालतं."

मला ते खोटं वाटलं, पण का खोटं बोलावं हे कळेना. आदल्या दिवशी मी त्यांच्याविषयी जे बोलले होते ते छातीवर दगडासारखं बसलं होतं, त्यामुळे नाही म्हणायचीही हिंमत होईना. इंदुबाई लोटा घेऊन उभ्या होत्या. "जा वं पोरी," त्या म्हणाल्या. "बसजो घट्ट."

मी बसले. हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायची सोय होती, आणि इंजिनाच्या आवाजात ते पिल्लांना ऐकू जात नसे. विमान पऱ्हाट्या काढलेल्या शेतावरून धडधडत पळालं, चाकं जमिनीवरून सुटली आणि खाली रमजानभाईंनी दार उघडलं. सात पिल्लं धावत सुटली, पंख पसरले, आणि एकामागून एक वर आली. डाव्या पंखाच्या टोकामागे त्यांची तिरकी रांग लागली. सगळ्यात जवळचं पिल्लू माझ्यापासून दोन हातांवर असेल. त्याचे तांबूस-पांढरे पंख मला मोजता येत होते. त्याने मान जरा वळवली आणि डोळा माझ्यावर रोखला. मी तोवरची सगळी भीती विसरून गेले.

"किती आहेत?" सरांचा आवाज आला.

"सातही आहेत, सर!"

"बरं. घाट कुठे आहे?"

मी हसले. "सर, थट्टा काय करता?"

"वैजयंती, घाट कुठे आहे?"

आवाजात थट्टा नव्हती. मी समोर पाहिलं. खाली केळीच्या बागांवर पातळ धुईचा थर होता, त्यावर आम्ही होतो, आणि समोर डोंगर नव्हताच. उलट लांबवर तापीकडचं सपाट रान पसरलं होतं. सूर्य नुकताच वर आला होता. तो आमच्या उजव्या हाताला होता.

दक्षिणेला जाताना सकाळचा सूर्य डाव्या हाताला हवा. एवढं मला कळत होतं.

"सर, आपण उलटे चाललोय! घाट मागे आहे!"

"खात्री आहे तुझी?"

"सूर्य बघा ना!"

"सूर्य बघतोय मी," ते म्हणाले. "तो मला चुकीच्या बाजूला उगवल्यासारखा वाटतो. यंत्रावरचा बाणही चुकीचा वाटतो. रोजच वाटतो. म्हणून तुला मागे बसवलंय. आता तू सांगायचं, आणि मी वळवायचं. माझं काही ऐकायचं नाही."

 एवढ्या उंचीवर, पायाखाली काही नसताना, विमान चालवणारा माणूस म्हणत होता की त्याला दिशा कळत नाही. क्षणभर मला वाटलं, ओरडावं, खाली उतरवा म्हणावं. पण उतरायचं कुठे हेही त्यांना मीच दाखवायचं होतं.

"डावीकडे वळा," मी म्हणाले. "अजून. अजून वळा. आता सरळ."

विमान मोठा फेरा घेऊन वळलं. अशा वळणाची पिल्लांना सवय नव्हती. रांग फुटली. दोन आमच्या खाली गेली, एक भलतीकडे भरकटलं, बाकीची गोंधळून वर-खाली होऊ लागली. सरांनी भोंग्यावर क्रौंच आईच्या हाकेची टेप लावली. मला त्यांचे हात दिसत होते. दिशा हरवलेल्या माणसाचे ते वाटत नव्हते. वेग कधी कमी करायचा, पंख किती झुकवायचा, पिल्लाला हवेची ओढ कुठे मिळेल, सगळं त्या हातांना पाठ होतं. गाव मागे पडेपर्यंत एकेक करत पिल्लं परत आली. चार, पाच, सहा.

"सातवं?"

मी मागे पाहिलं. तीन नंबर लांब, धुईच्या कडेशी, गावाच्या दिशेने चालली होती.

"तीन नंबर मागे गेली, सर."

"जाऊ दे. इंदुबाईंच्या शेतात उतरेल. पुढे सांग."

पुढे सांगणं सोपं नव्हतं. डोंगर जवळ आला तसा धुईचा थर वर चढत गेला आणि सूर्य त्यात विरघळला. सगळीकडे एकच पांढरट करडा रंग झाला. आता मलाही कळेना. सर विचारत होते, "सरळच ना?" आणि मी "सरळ" म्हणत होते, पण सरळ म्हणजे कुठे, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?  मला वाटायला लागलं की आपण उजवीकडे ओढले जातोय. सर म्हणाले, डावीकडे जातोय. दोघांत खरं कोणाचं?

"थांबा, सर," मी ओरडले. जणू विमान थांबतं.

तेवढ्यात खाली धुई जरा फाटली आणि पिवळे दिवे दिसले. एकापाठोपाठ एक, वेटोळ्यात चढणारे. घाटातले ट्रक दिवे लावून रांगेने चढत होते. "दिव्यांवरून चला!" मी म्हणाले. "उजवीकडे. आता डावीकडे. पुन्हा उजवीकडे. त्यांच्या डोक्यावरूनच." आम्ही त्या रस्त्याचं एकेक वळण घेत वर चढलो. पंखामागे सहा क्रौंच तसेच वळत होते. कुठल्यातरी ट्रकवाल्याने मान बाहेर काढून वर पाहिलं असेल, तर त्याने गावी जाऊन काय सांगितलं असेल कोण जाणे.

धुई एकाएकी संपली. खाली पठार होतं, ज्वारीची रानं, आणि उन्हात चमकणारा पाझर तलाव. पुढच्या मुक्कामाचा पिंजरा त्याच्या काठी आमच्या माणसांनी पंधरवड्यापूर्वीच उभारून ठेवला होता.

* * *

पिल्लं पिंजऱ्यात घातल्यावर आम्ही लांब चालत गेलो. एका बाभळीखाली सरांनी बुरखा काढला. चेहरा घामाने चिंब झाला होता.

"तापी ओलांडताना झालं," ते म्हणाले. "खाली नदी दिसली आणि मला वाटलं, ही नर्मदा. नर्मदा तर आपण त्याच्याही आधी ओलांडली होती. मला ते माहीत होतं, वैजयंती, आणि तरी डोळ्यांपुढे होती ती नर्मदाच. पाऊण तास मी त्या नदीवर फिरत होतो. मग पिल्लंच दमून डोंगराकडे वळली, मी त्यांच्यामागून गेलो, आणि खाली तुमची जीप दिसली तिथे उतरलो."

मी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

"रोज वर जाऊन बघत होतो," ते म्हणाले. "वाटायचं, आज लागेल दिशा. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी निघू. वाऱ्याचं सांगत राहिलो. दुसरं काय सांगणार?"

"मला सांगायचंत."

"तुला सांगितलं असतं तर तू मॅडमना सांगितलं असतंस. आणि पिल्लं पेट्यांत." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "तसंही सांगितलंसच."

माझा चेहरा तापला. "तुम्हाला कोणी…"

"गावात एकच फोन आहे. आणि दुकानदाराला तोंड आहे." ते हसले. "घाबरलोय म्हणालीस. चुकीचं नाही बोललीस."

मला रडू यायला लागलं. जनावरांची डॉक्टर होते मी. एखादं पिल्लू पिंजऱ्यात उलट्या बाजूने फिरायला लागलं असतं तर मी त्याच दिवशी त्याला वेगळं काढून तपासलं असतं. रोज माझ्यासमोर बसणारा माणूस मात्र मला दिसला नव्हता.

"आता ठरव," सर म्हणाले. "खरं सांगितलंस तर ट्रक इथे येईल. तसं सांगणं बरोबरच होईल, मी तुला दोष देणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर अजून तीन टप्पे. तीनदा माझ्यामागे बसावं लागेल."

पलीकडे पिंजऱ्यात पिल्लं शीळ घालत होती. मी पाझर तलावाच्या गावात गेले आणि तिथल्या फोनवरून मॅडमना सांगितलं की सहा पिल्लं घाट ओलांडून आली, तीन नंबर मागे हिंगणदऱ्याला राहिली.

"उडून?" त्या ओरडल्याच. "म्हणजे वारा होता?"

"हो. वर होता. खाली कळत नव्हतं."

"पण तू तर म्हणालीस…"

"माझी चूक झाली, मॅडम. मला कळलं नाही. आणि पुढे मलाही विमानात बसावं लागेल. मागे वजन लागतं."

त्यांनी पलीकडे काही कागद चाळले. मग म्हणाल्या, "तीन नंबरसाठी ट्रक येऊ दे. बाकीची आणा." मी कधी विमानाला हात लावला नव्हता, आणि दोन माणसांचे आणि सहा पाखरांचे जीव मी त्या एका वाक्यावर टांगले होते. ते बरोबर होतं की वेडेपणा होता, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

तीन टप्पे झाले. दोन साधे गेले. मधल्या टप्प्यात, खाली नुसती उसाची रानं असताना, हेल्मेटमध्ये सरांचा आवाज आला, "मागे कोण आहे?"

"वैजयंती आहे, सर."

"हां. वैजयंती." जरा वेळाने, "पिल्लं?"

"सहाही आहेत. जरा डावीकडे घ्या."

त्यांनी डावीकडे घेतलं.

पंधरा तारखेला सकाळी साडेआठला आम्ही पाणफुगवट्यावर उतरलो. तीन नंबर पेटीतून तिथे आधीच येऊन पोचली होती. सहा जणी दिसताच तिने जो गोंगाट केला तो मैलभर ऐकू गेला असेल. सरांनी त्या दिवशी विमानाचा पंख स्वतः घडी केला, कोणाला हात लावू दिला नाही. मॅडमना त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं आणि नाशिकला घरी निघून गेले. त्यानंतर ते कधी उडाले नाहीत.

* * *

मार्चच्या मध्यावर एके सकाळी पाणफुगवट्यावर पिल्लं दिसली नाहीत. आम्ही दोन दिवस सगळीकडे शोधलं. तिसऱ्या दिवशी मी परभणीला घरी परतले, तेवढ्यात फोन वाजला.

"डॉक्टरीणबाई?" इंदुबाई ओरडून बोलत होत्या, फोनवर ओरडावंच लागतं अशा समजुतीने. "तुमचे पाखरं आले वं! काल सांजच्याला उतरले. मी आपली लांबूनच पाह्यले, बोलले नही. आता सकाळी उठून उडून गेले, वरल्या अंगाले."

"किती होते, इंदुबाई?"

"सात. दोनदा मोजले."

मी लगेच नाशिकला फोन लावला. सरांच्या पत्नीने उचलला. म्हणाल्या, बोल, पण आज फारसं बरं नाहीये, सकाळपासून मला ताई म्हणतायत. मग सरांचा आवाज आला, जुन्यासारखाच खणखणीत.

"सर, वैजयंती बोलतेय. पिल्लं हिंगणदऱ्याला उतरली. आपली आपण, घाट ओलांडून. सात."

"सात कशी?" ते लगेच म्हणाले. "तीन नंबर पेटीतून गेली होती. तिला घाटाचा रस्ता कुठे ठाऊक?"

"बाकीच्यांच्या मागून आली, सर."

पलीकडे शांतता पसरली. मला वाटलं, त्यांना आता माझा विसर पडला.

"हां," ते म्हणाले. "तसं जमतं."

मग त्यांनी फोन जागेवर न ठेवता नुसता टेबलावर ठेवला असावा, कारण मला त्यांच्या घरातले आवाज येत राहिले. भांड्यांचा, खुर्ची सरकवल्याचा, आणि त्यांच्या पत्नीचा, आतून. काय म्हणते, त्या विचारत होत्या.

"पिल्लं पोचली," सर म्हणाले. "सगळी."